शालनकाकींचा टेस्ट फोटो

लोकांना वाटतं, फोटो स्टुडिओत फोटो साठत असतील. कसले साठतायत! हार्ड डिस्क भरली की आम्ही जुनी लग्नं पुसून टाकतो आणि नवीन लग्नांना जागा करतो. साठतात ते किस्से. त्यांना फोल्डर नसतं, त्यामुळे पुसायचे कुठून हेच कुणाला माहीत नाही. चहा आला की एक निघतो, कप खाली ठेवेपर्यंत दुसरा. हल्ली मात्र हसून झालं की सगळेच आपापल्या कम्प्युटरकडे वळतात.

आमचा स्टुडिओ नागापूरला, एमआयडीसीच्या चौकाजवळ. मालक अण्णा. अख्ख्या नगर जिल्ह्यात लग्नं करत फिरलेला माणूस. म्हणजे दुसऱ्यांची! मी सुनीता, अल्बम डिझाईन करते. सलीमभाई व्हिडिओ काढतात आणि मिक्सिंग करतात. अण्णांचा पुतण्या विशाल पुण्यात आयटीत आहे. तो शनिवारी येतो आणि रविवारी जाईपर्यंत आमच्या कम्प्युटरवर काहीतरी नवीन टाकून जातो. आणि शालनकाकी. अण्णांची बायको. प्रत्येक लग्नात लाईट धरायला त्याच. मूलबाळ नव्हतं, त्यामुळे दोघं कायम बरोबर. घरीही आणि मांडवातही.

काकी मागच्या वर्षी गेल्या. साध्या तापाचं निमित्त झालं.

त्या गेल्यावर आमच्या लक्षात आलं की एवढ्या नवऱ्या सजवून अल्बममध्ये बसवलेल्या माणसाकडे स्वतःच्या बायकोचा धड फोटो नाही. म्हणजे होते फोटो. आधार कार्डावरचा होता. भावकीतल्या लग्नांत मागच्या रांगेत उभ्या असतानाचे होते, कुठं डोळे मिटलेले, कुठं कुणाच्या फेट्यामागे अर्धा चेहरा. पण काकी कॅमेऱ्याकडे बघतायत आणि कॅमेऱ्यामागे अण्णा आहेत, असा एकही नाही. "वर्षश्राद्धाला मी काढलेला एक पाहिजे," एवढंच अण्णांचं म्हणणं. तेव्हापासून आमचे सगळे किस्से फिरून फिरून तिथंच येतात.

*

आमच्याकडे तीन कम्प्युटर आणि तीन पंथ. माझं सॉफ्टवेअर जुनं आणि जड. ते उघडेपर्यंत चहा पिऊन होतो, पण त्यात एकेक केस वेगळा करता येतो. सलीमभाईंचं फुकटातलं. "फुकट हाय म्हणून वाईट हाय असं कुठं लिहिलंय?" हे त्यांचं ठरलेलं वाक्य. अण्णा कम्प्युटरला हात लावत नाहीत. ते मोबाईलवरच्या ॲपवर बोट फिरवतात आणि चेहरा कसा फरशीसारखा गुळगुळीत करून टाकतात.

यात भारी कोणतं, यावर आम्ही इतकं भांडलोय की शेजारचा मेडिकलवाला मध्यस्थी करायला यायचा. शेवटी एकदा पैज लावली. तिसगावच्या एका नवरीचा क्लोजअप घेतला. तिघांनी आपापल्या सॉफ्टवेअरमध्ये तो सजवायचा आणि अल्बम घ्यायला नवरीची आई आली की तिच्यापुढे तीन प्रिंट ठेवायच्या. तिनं एक उचलायची. उचलेल ते सॉफ्टवेअर जिंकलं!

मी डोळ्यांखालची काळी वर्तुळं काढली. सलीमभाईंनी रंग उजळला. अण्णांच्या ॲपनं हनुवटी निमुळती करून दिली, ती कुणी मागितलीही नव्हती.

आई आली. तिन्ही प्रिंट शेजारी शेजारी लावून तिनं निरखून पाहिल्या. आम्ही श्वास रोखून उभे. ती म्हणाली, "तिन्ही पोरी छान हायेत. आमची कुठंय?"

काकी तेव्हा होत्या. त्या कोपऱ्यात स्टुलावर बसून लाईटची वायर गुंडाळत होत्या. त्यांनी कॅमेऱ्यातला मूळ फोटो उघडून त्या बाईंच्या हातात दिला आणि म्हणाल्या, "ही घ्या तुमची. ह्या तिघी आमी ठेवतो, एखाद्या बिनलग्नाच्या पोराला दाखवू."

*

आता कागदाचं सांगते, कारण त्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

मंगल कार्यालयात लाईट म्हणजे नुसता गोंधळ असतो. कुठं पिवळा, कुठं निळा, डीजेवाल्याचा जांभळा वेगळाच. त्या उजेडात पांढरं म्हणजे काय, हे कॅमेऱ्याला सांगावं लागतं. नाहीतर नवरी हिरवी दिसते आणि नवरा काविळीचा. त्यासाठी नवरी यायच्या आधी तिच्या खुर्चीवर कुणीतरी बसायचं आणि तोंडासमोर कोरा पांढरा कागद धरायचा. एक फोटो त्या कागदाचा. मग कागद खाली घ्यायचा आणि दुसरा फोटो चेहऱ्याचा, उजेड कसा पडतोय ते बघायला. हे बसायचं काम कायम काकींचं. अण्णा लांबून ओरडायचे, "कागद वर!" मग थोड्या वेळानं, "हं, कागद खाली घे!" काकी त्यांच्या हुकमाशिवाय कागद हलवायच्या नाहीत. हलला तर रंग बिघडतो, हे अण्णांनीच त्यांना शिकवलेलं.

पाथर्डीकडच्या एका लग्नात अण्णा म्हणाले, "कागद वर!" काकींनी धरला. अण्णांनी बटण दाबलं आणि कॅमेरा मेला! फट्कन काळा पडला. अण्णांनी बॅटरी बदलली, कॅमेरा चोळला, शिव्या घातल्या, काही उपयोग नाही. दुसरा कॅमेरा सलीमभाईंच्या गाडीत होता. अण्णा धावत बाहेर. आणि त्या गडबडीत 'कागद खाली घे' म्हणायचं राहून गेलं.

काकी बसल्या तशाच. नवरीच्या खुर्चीवर, तोंडासमोर कागद.

तेवढ्यात नवऱ्याकडची एक म्हातारी आत्या स्टेजवर चढली. तिला दिसत होतं कमी आणि उत्साह जास्त. तिला वाटलं, नवरी लाजून तोंड झाकून बसलीय. तिनं कागदाखालून हात घालून काकींच्या तोंडात पेढा भरवला आणि म्हणाली, "लाजू नको बाई, आपल्याच घरी यायचंय." काकींनी पेढा नीट चावून खाल्ला आणि कागदाआडून उत्तर दिलं, "पेढा चांगला हाय. खरी नवरी आली की तिलाबी द्या!"

सलीमभाई दुसरा कॅमेरा घेऊन आले. "काकी, घ्या कागद खाली." काकी म्हणाल्या, "तुज्या सांगन्यानं न्हाई. ह्यांनी सांगू दे." अण्णा बाहेर कार्यालयाच्या मॅनेजरशी व्होल्टेजवरून भांडत होते. शेवटी नवरी आली, तिला बसायला खुर्ची पाहिजे, म्हणून काकी उठल्या आणि कागद तोंडासमोर तसाच धरून स्टेजच्या पायऱ्या उतरल्या! अख्खं कार्यालय हसलं.

परतताना गाडीत अण्णा चिडले होते. "अगं, खाली घ्यायचा की कागद!"

काकी म्हणाल्या, "तुमी सांगितलंच न्हाई."

*

तुम्ही म्हणाल, एवढ्या लग्नांत काकी नवरीच्या खुर्चीवर बसल्या, चेहऱ्याचा टेस्ट फोटोही निघाला, मग ते फोटो गेले कुठं? त्याचाही किस्सा आहे. ऐकताना हसायला येतं, नंतर नाही.

अल्बम लावायला एकदा मी नवीन सॉफ्टवेअर घेतलं होतं. त्यात 'ऑटो' नावाचं बटण. फोटोंचं फोल्डर दाखवायचं, बटण दाबायचं आणि सॉफ्टवेअर स्वतःच चांगले फोटो निवडून पानं भरतं. पारनेरकडचं लग्न होतं. त्या टेस्टच्या वेळी नवरा आधीच येऊन बसला होता, शेजारी काकी. सॉफ्टवेअरनं सगळ्या लग्नातला सगळ्यात छान उजेडाचा फोटो निवडला. अर्थात टेस्टचा! आणि बरोब्बर मधल्या दोन पानांवर मोठा करून लावला. भोवती गुलाब, कोपऱ्यात कबुतरं, खाली 'जन्मोजन्मीची साथ'. नवरा आणि शालनकाकी! छापून येईपर्यंत कुणाच्या लक्षात आलं नाही.

नवरीचे आजोबा अल्बम बगलेत मारून स्टुडिओत आले. काठी आपटत म्हणाले, "आमची नात कुठंय आन ही बाई कोन?"

काकी आतून पदराला हात पुसत आल्या, पान बघितलं आणि म्हणाल्या, "जावई चांगला दिसतोय. तुमाला नको असंल तर आमी ठेवतो." आजोबाही हसले. पण अण्णांना फार लागलं. धंद्यात नाव जायची गोष्ट! त्यांनी आजोबांच्या समोर ते पान फाडलं, माझ्याकडून फाईल पुसून घेतली आणि त्या दिवसापासून नियम केला. टेस्टचे दोन्ही फोटो स्टेजवर उभ्या उभ्या कॅमेऱ्यातच उडवायचे. त्याआधीची लग्नं तर हार्ड डिस्क भरल्यावर केव्हाच पुसली गेली. नंतर अण्णांचा अंगठा आपोआप चालायचा. कागद वर, फोटो. कागद खाली, फोटो. बघितलं, उजेड ठीक. पुसलं.

त्या फाडलेल्या पानावर काकी अण्णांकडे बघून हसत होत्या. मला ते पान अजून दिसतं.

*

विशालला आमच्या कामाची पद्धत कधीच पटली नाही. पद्धत अशी होती: ऑर्डरची चिठ्ठी भिंतीवरच्या खिळ्याला टोचायची आणि काकींना सांगायचं. काकी पदराच्या टोकाला गाठ मारायच्या. ही गाठ राळेगणच्या मोठ्या प्रिंटची, ही गाठ कंपनीच्या आयकार्डांची. काम झालं की गाठ सोडायच्या. घाईच्या कामाची गाठ पार घट्ट! गिऱ्हाईक अण्णांशी बोलून झालं तरी जाताना काकींना विचारायचं, "काकी, गाठ मारली ना? मग मी निघतो."

काकी गेल्यावर पहिल्या महिन्यातच आमचा पार बोऱ्या वाजला. एकाचे फोटो दुसऱ्याला, बारशाचा फ्लेक्स बारसं झाल्यावर. तेव्हा विशालनं सगळ्यांच्या मोबाईलवर एक ॲप टाकलं. त्यात तीन रकाने. करायचं, चालू, झालं. काम झालं की चिठ्ठी बोटानं ढकलत 'झालं'मध्ये न्यायची. नेली की स्क्रीनवर रंगीत कागदाचे तुकडे उडतात.

सलीमभाईंना ते तुकडे फार आवडले. त्यांनी एका सकाळी सगळीच कामं 'झालं'मध्ये ढकलली!

विशालनं ते बघून दुसरं ॲप आणलं. त्यात तुकडे नाहीत, नुसती यादी आणि वेळ चुकली की घंटा. ती घंटा अशी काही कर्कश की गिऱ्हाईक दचकून डोळे मिटायचं आणि पासपोर्ट फोटो वाया जायचा. मग परत पहिलं ॲप, पण घंटेसकट. विशालनं आम्हाला बसवून दोन्हींची तुलना समजावली, याच्यात काय आहे, त्याच्यात काय नाही. राळेगणचे एक आजोबा बाकावर बसून सगळं ऐकत होते. ते म्हणाले, "बाळा, ह्यात गाठ कुठं मारायची?"

त्याच दिवशी अण्णांनी आयुष्यात पहिल्यांदा त्या ॲपमध्ये स्वतःच्या हातानं काम लिहिलं. 'करायचं'च्या रकान्यात. 'शालनचा फोटो.' त्यांना मुदत घालता आली नाही, विशालनं वर्षश्राद्धाची घातली. तेव्हापासून रोज सकाळी चौघांच्याही मोबाईलवर घंटा वाजायची, शालनचा फोटो, करायचं. विशाल म्हणाला, "काका, हिचा आवाज बंद करू का?" अण्णा म्हणाले, "वाजू दे. ती सांगायची तेव्हा मी ऐकलं न्हाई."

*

काकी काय सांगायच्या, तर त्यांची एक ठरलेली तक्रार होती. अण्णांच्या लग्नाचे फोटो अण्णांच्याच मित्रानं काढले होते, अण्णांच्याच कॅमेऱ्यानं. तेव्हा रोलचा जमाना. अण्णांना चैन पडेना. मंगलाष्टकं चालू असताना अंतरपाटाच्या अलीकडून हे ओरडतायत, "अरे, उजेड मागनं येतोय, इकडून घे!" सात पावलं चालताना मधेच थांबून कॅमेऱ्याची सेटिंग बदलून आले! भटजींनी शेवटी त्यांचा शेला धरून ठेवला.

एवढं करून रोल धुवायला गेला आणि कोरा निघाला. मित्रानं तो आत नीट अडकवलाच नव्हता. कॅमेरा नुसता टकटक वाजत राहिला, आत रोल जागचा हललेलाच नाही.

काकी आल्या-गेल्याला सांगायच्या, "माझं लगीन झालंय ह्याला पुरावा न्हाई. मी आपली विश्वासावर ऱ्हायलेय." आणि मग अण्णांकडे बघून, "आता तरी एक काढा की. चांगला. तुमच्या हातचा."

अण्णा म्हणायचे, "काढू की. सीझन संपू दे."

*

सीझन काही संपला नाही. आता तो फोटो तयार करायचा म्हणून तिन्ही पंथ पुन्हा कामाला लागले. या वेळी पैज नव्हती.

मी दोन लग्नांतल्या ग्रुप फोटोंतून अर्धा अर्धा चेहरा काढून जोडला. माझ्या जड सॉफ्टवेअरमध्ये एकेक केस लावला. जोड कुठं दिसत नव्हता, पण डावा डोळा एका लग्नातला आणि उजवा दुसऱ्या. अण्णा म्हणाले, "सुनीता, काम एक नंबर हाय. पण ही दोन लग्नांत एकदम कशी बघतीय?" सलीमभाईंनी आधार कार्डावरचा फोटो घेतला. तो इतका बारीक की मोठा केला की चौकोन चौकोन दिसायचे. फुकटातल्या सॉफ्टवेअरनं हात टेकले.

मग विशालचा एआय. त्याला आधारचा फोटो दिला, ग्रुपमधले दिले आणि सांगितलं, समोर बघणारी, हसरी बाई कर. क्षणात केली! तेजस्वी चेहरा, कानात मोत्याच्या कुड्या, दात एकसारखे पांढरेशुभ्र. आम्हाला तिघांना पहिल्या फटक्यात भारी वाटलं, उगाच कशाला खोटं बोलू.

अण्णांनी चष्मा लावून बघितलं. मग म्हणाले, "पुढचा दात कुठं गेला?"

काकींचा पुढचा एक दात दुसऱ्यावर चढलेला होता. विशाल म्हणाला, "काका, ते ॲपनं आपोआप नीट केलं असेल."

"मी तिला कधी म्हनलो न्हाई, दात नीट कर म्हणून. ते ॲप कोन सांगनारं?" अण्णा उठले. दारापर्यंत गेले आणि वळून म्हणाले, "बाई देखणी हाय. पाव्हनी आलीय तर चहा पाजा आन पाठवून द्या."

*

सलीमभाईंनी प्रोग्रॅमिंग शिकायचं का काढलं, हे आम्हाला आधी कळलं नाही. चाळिशी उलटलेला माणूस, मिक्सिंग करता करता एकीकडे मोबाईलवर कोडी सोडवतोय! त्यांनी तीन प्रकार करून बघितले. एक ॲप होतं, त्यात एक पोपट. उत्तर बरोबर आलं की पंख फडफडवतो, एक दिवस अभ्यास चुकला की रुसून बसतो. दुसरे व्हिडिओवरचे एक सर. ते अवघड काही सांगायच्या आधी "हे अगदी सोपं आहे" म्हणायचे, ते ऐकलं की सलीमभाईंना घाम फुटायचा. तिसरा विशालचा एआय. सलीमभाईंचा निकाल असा: "पोपट लाड करतो, सर घाबरवतात आन हा एआय सगळं स्वतःच करून मोकळा होतो. मग मी कशाला शिकू?" पोपट जिंकला.

राळेगणच्या एका लग्नात ऐन मंगलाष्टकांच्या मधल्या शांततेत सलीमभाईंचा मोबाईल बोलला, "सलीम, तुझा पोपट वाट पाहतोय!" माईक जवळच होता, सगळ्या मांडवानं ऐकलं. भटजी थांबले आणि माईकवरूनच म्हणाले, "पोपटाला सांगा, अक्षता पडल्या की येतो!"

हे सगळं कशासाठी, ते एका दुपारी कळलं. आमचा कॅमेरा फोटोंना ओळीनं नंबर देतो. फोटो पुसला तरी तो नंबर परत दुसऱ्याला देत नाही. सलीमभाईंनी प्रोग्रॅम लिहिला होता, उरलेल्या सगळ्या हार्ड डिस्कवरची लग्नं तपासायची आणि टेस्टचे फोटो चुकून कुठं राहिलेत का ते शोधायचं.

प्रोग्रॅम चालला. सलीमभाई खुर्चीवरून उठून ओरडले, "चालला! अण्णा, चालला! काकी सापडल्या! परत्येक लग्नात सापडल्या!"

अण्णा आतून अक्षरशः पळत आले. "कुठं? दाव!"

स्क्रीनवर लग्नांची नावं होती. तिसगाव, राळेगण, सावेडी, परत तिसगाव. आणि जवळजवळ प्रत्येकापुढे एकच शब्द. गायब. गायब. गायब. सलीमभाईंचा आवाज एकदम खाली आला. "जिथं नंबर तुटलाय ना अण्णा, तिथं. तिथं काकी हुत्या."

अण्णा सगळी यादी खालपर्यंत वाचत गेले. प्रत्येक गावाच्या नावावर बोट ठेवून. "एवढ्या वेळा माझ्यासमोर बसली हुती ती," ते म्हणाले. "आन एवढ्या वेळा मी पुसली."

मला रडू आलं. मी सरळ उठून पाणी आणायला गेले.

परत आले तेव्हा अण्णांचं बोट एका नावावर थांबलेलं होतं. त्या एका लग्नात काहीच गायब नव्हतं. सलीमभाई म्हणाले, "ते व्हय, ते पेढ्याचं लग्न. ते सगळं माझ्या कॅमेऱ्यावर काढलं ना. तुमचा तर स्टेजवरच मेला हुता."

"मेला हुता," अण्णा म्हणाले. "पण बटन मी दाबलं हुतं."

*

मेलेला कॅमेरा कपाटात वरच्या फळीवर होता, काकींच्या एका जुन्या साडीच्या तुकड्यात गुंडाळून ठेवलेला. कार्ड आतच. ते बाहेर काढायला सलीमभाईंनी चिमटा लावला. कम्प्युटरला लावलं तर कम्प्युटर म्हणाला, कार्ड खराब आहे. गेलेले फोटो परत आणणारं एक सॉफ्टवेअर आम्ही चालवलं, ते बराच वेळ गुरगुरलं आणि म्हणालं, काही नाही. विशाल शनिवारी आला, त्यानं दुसरं आणलं. ते म्हणालं, एक फाईल आहे.

फोटो वरून खाली हळूहळू उघडत होता. आधी स्टेजची कमान. मग झेंडूच्या माळा. मग खुर्चीची सोनेरी पाठ. मग काकींचा भांग, मधोमध, थोडं कुंकू सांडलेला. अण्णा टेबलाला दोन्ही हात टेकून उभे होते.

मग कागद. पांढराशुभ्र. त्याच्या दोन्ही कडांना काकींची बोटं, हातात हिरव्या बांगड्या. खाली पदर आणि पदराच्या टोकाला गाठी.

शेवटी विशाल हळू आवाजात म्हणाला, "काका, एआयला सांगून कागद काढता येतो. मागे चेहरा बसवता येईल. दातसुद्धा हवा तसा ठेवू."

"कागदाला हात लावायचा न्हाई," अण्णा म्हणाले. "सुनीता, मोठी प्रिंट काढ."

वर्षश्राद्धाला तोच फोटो ठेवला. त्यालाच हार घातला. भावकीत कुजबूज झाली, एकदोन जणांनी मला बाजूला घेऊन विचारलं, अण्णांचं बरं आहे ना. मी म्हटलं, आहे. आता तो फोटो स्टुडिओत आहे, गिऱ्हाईक जिथं बसतं त्या स्टुलाच्या बरोबर समोर. ॲपमधली ती चिठ्ठी अण्णांनी स्वतः बोटानं ढकलली, पण 'झालं'मध्ये नाही. ती 'चालू'मध्ये आहे आणि सकाळची घंटा अजून वाजते.

परवा तिसगावची एक आजी पासपोर्ट फोटो काढायला आली. स्टुलावर बसली, पदर सारखा केला आणि समोर बघत राहिली. अण्णा कॅमेऱ्याला डोळा लावून उभे.

आजी म्हणाली, "का रं बाबा, ही बाई अशी तोंडापुढं कागद धरून का बसलीया?"

अण्णांनी कॅमेऱ्यावरचा डोळा काढला नाही.

"मी खाली घे म्हनलो न्हाई अजून," ते म्हणाले.